दमयंतीबाईंच्या गाडीतली टिकटिक

हर्सूलच्या आमच्या कॉलनीत दमयंतीबाई जहागीरदार राहतात. औरंगपुऱ्यात त्यांनी तीस वर्षं टायपिंगचे क्लास घेतले. एका वेळी बारा मशीन खडखडत असायची आणि बाई आतल्या खोलीत चहा गाळता गाळता ओरडायच्या, "चौथ्या मशीनवर कोण आहे? करंगळी चुकली!" आणि ती खरंच चुकलेली असायची. असा कान असलेल्या बाईंच्या गाडीत एक दिवस टिकटिक सुरू झाली.

गाडी चोवीस वर्षांची, पांढरी, छोटी. सकाळी चावी फिरवली की बॉनेटखालून आवाज यायचा, टिक-टिक-टिक, जसं कुणी एका बोटानं घाईघाईत टाइप करतंय. बाईंनी यजमानांना, श्रीधररावांना बाहेर बोलावलं.

"अहो, ऐका बरं."

श्रीधरराव कान देऊन उभे राहिले. "मला तर काही ऐकू येत नाही."

हे खरंच होतं. श्रीधररावांना काहीच ऐकू येत नाही. कानातलं यंत्र ते फक्त बातम्यांना लावतात.

बाई गाडी घेऊन औरंगपुऱ्यात रामकिसन मेकॅनिककडे गेल्या. त्याच्या गॅरेजच्या गल्लीत पोचून त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, तर इंजिन चिडीचूप.

"बाई, आवाज तर नाय," रामकिसन म्हणाला. "पण तुम्ही म्हणता तर इंजिनातलं टॅपेट ढिलं आसंल. करतो सेट."

टॅपेट सेट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी टिकटिक हजर. बाई पुन्हा गेल्या, रामकिसननं पुन्हा टॅपेट सेट केलं, ऑइल बदललं. तिसऱ्या दिवशी टिकटिक आणखी खणखणीत.

मग बाईंनी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला आणि गॅरेजमध्ये जाऊन लावला. रामकिसननं डोळे मिटून मोबाइल कानाला लावला. आतून श्रीधररावांचा आवाज आला, "अगं, माझा चष्मा कुठंय?" मग, "अगं, चष्मा!" मग, "सापडला, डोळ्यावरच आहे." रेकॉर्डिंग संपलं.

"याच्यात गाडी कुठंय बाई?" रामकिसननं विचारलं.

बाईंचा पारा चढला. त्यांनी पर्स बाकड्यावर ठेवली, कंबरेवर हात ठेवले आणि जिभेनं आवाज काढून दाखवला, टक्-टक्-टक्-टक्. आधी हळू, मग ॲक्सिलरेटर दिल्यावर होतो तसा जोरात. शेजारच्या बाकावर एक म्हातारेबाबा स्कूटर दुरुस्त व्हायची वाट बघत बसले होते. ते उठले आणि बाईंच्या हातात पाण्याचा ग्लास देऊन म्हणाले, "बसा बेटी, ऊन लई हाय."

त्या दिवशी परत जाताना बाई गंभीरपणे विचार करत होत्या. गाडी वाटेतल्या दिल्ली गेटजवळ आली की टिकटिक रोज थांबते. म्हणजे गाडी तापली की थांबते. म्हणजे गाडी गार असतानाच रामकिसनला दाखवायला हवी. रात्रभर गॅरेजमध्ये ठेवावी म्हटलं, तर संध्याकाळी तिथं भेळेचा गाडा लागतो, जागा नाही. रामकिसनला घरी बोलवावं, तर तो रोज "उद्या नक्की" म्हणतो आणि येत नाही.

बाईंनी शिवराजला फोन केला. शिवराज लासूर स्टेशन गावचा, बाईंचा जुना विद्यार्थी, टायपिंगच्या परीक्षेत चार वेळा नापास. आता कांदा पिकवतो आणि जाधववाडीच्या मोंढ्यात माल विकायला ट्रॅक्टर घेऊन येतो. बाईंचा फोन म्हटल्यावर तो आजही उभा राहून बोलतो.

मंगळवारी सकाळी माल खाली करून शिवराज आला. गाडीला दोर बांधला आणि मिरवणूक निघाली. पुढं ट्रॅक्टर, मागं रिकामी ट्रॉली, तिच्यामागं पांढरी गाडी, स्टिअरिंगवर ताठ बसलेल्या दमयंतीबाई आणि शेजारी पेपर वाचणारे श्रीधरराव. दिल्ली गेटला ट्रॅफिक हवालदारानं थांबवलं.

"बंद पडली का मॅडम?"

"नाही, उत्तम चालते."

"मंग वढून का नेताय?"

"गरम होऊ नये म्हणून."

हवालदारानं बाईंकडं पाहिलं, ट्रॅक्टरकडं पाहिलं, मग शिवराजला विचारलं, "मॅडम कोण हायेत?"

"आमच्या बाई हायेत," शिवराज म्हणाला. "साहेब, वाद घालू नका. मी घालून बघितलाय."

हवालदारानं हात वर करून उरलेलं ट्रॅफिक थांबवलं.

गल्लीत पोचल्यावर बाईंनी चावी फिरवली. टिकटिक सुरू झाली! पण ट्रॅक्टर धडधडत होता, रसवाल्याचं मिक्सर घरघरत होतं आणि एका भंगारवाल्याचा भोंगा बोंबलत होता. रामकिसन बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "काय बी ऐकू येत नाय."

इंजिन तापायला लागेल या भीतीनं बाईंनी ते लगेच बंद केलं. मग त्या गाडीतून उतरल्या, गल्लीच्या मध्यावर उभ्या राहिल्या आणि दोनदा टाळी वाजवली.

"सगळ्यांनी हात थांबवा!"

शिवराजनं ट्रॅक्टर बंद केला. रसवाल्यानं मिक्सर बंद केलं. भंगारवाल्यानं भोंगा बंद करून टोपीही काढली. दोन मोटारसायकलवाले पाय टेकून गप उभे राहिले. बाईंनी चावी फिरवली.

टिक-टिक-टिक-टिक.

"येतोय! येतोय!" रसवाला ओरडला. सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली आणि त्यात आवाज पुन्हा बुडाला, पण रामकिसननं तेवढ्यात ऐकला होता. त्यानं साबणाचं पाणी आणलं आणि इंजिनाला सायलेन्सरचा पाइप जिथं जोडतात तिथं शिंपडलं. एका कोपऱ्यात बुडबुडे फुटायला लागले.

"पॅकिंग गेलंय बाई," तो कान खाजवत म्हणाला. "गार आसलं की फट ऱ्हाते, तिथून हवा टिकटिक करते. तापलं की लोखंड फुगतं, फट बंद. मी उगंच टॅपेटच्या मागं लागलो. चुकलं माझं."

"होतं असं," बाई म्हणाल्या. त्यांना इतक्या मऊ आवाजात बोलताना शिवराजनं कधी ऐकलं नव्हतं.

नवीन पॅकिंग बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार असताना बाईंनी चावी फिरवली आणि दोन मिनिटं मान वाकडी करून ऐकलं. काहीच नाही. त्यांनी घरात जाऊन दोन कप चहा केला आणि दोन्ही स्वतःच प्यायल्या.

रविवारी त्या गाडी घेऊन लासूर स्टेशनला शिवराजकडं गेल्या. त्याची आई सरूबाई दारातच उभी होती. तिनं आधी गाडीच्या पुढं, रस्त्यावर लांबपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आज वढायला टॅक्टर नाय वं?" जेवण झालं, गप्पा झाल्या, चार वेळा नापास झाल्याचा विषयही निघाला. परतताना मागच्या सीटवर दीड पोतं कांदा होता, आणि त्याच्या शेजारी उरलेल्या वीतभर जागेत श्रीधरराव घोरत होते.