मुठीआतला गंज

खंडेनवमी जवळ आली की कुपवाडचा हा गृहस्थ सैरभैर होतो. त्याला जुन्या जपानी तलवारींचा नाद. आमच्याकडच्या सैनिकांनी ब्रह्मदेशच्या लढाईतून आणलेल्या तलवारी बघत गावोगाव फिरतो. कुठं टेकत नाही, चहासुद्धा उभ्याउभ्याच पितो. सगळ्यांना एकच सांगणं: "आवं, पातं पुसा, पन मुठीआतला गंज घासू नगा. तलवारीचं वय त्यावरनंच कळतं."

यंदा त्याला आमच्याकडं यायला उशीर झाला. आईनं पूजेसाठी आजोबांची तलवार काढली होती आणि मूठ सोडवून आतलं लोखंडही चिंचेनं लख्ख केलं होतं. ते बघून तो पहिल्यांदाच आमच्या घरात मटकन खाली बसला.

"काय चुकलं का रं माझं?" आईनं विचारलं.

"न्हाई आई. लय झ्याक घासलीया."

त्याचा अंगठा मात्र त्या लोखंडावर अजून गंज शोधत होता.