मास्तरांचं पाणी

मी आज जो काही आहे, तो आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंमुळे. घराण्यातला पहिला पदवीधर मी. लोक त्याचं श्रेय आईवडिलांना देतात, आणि ते खरंही आहे. पण बाई नसत्या तर मी सातवीतच शाळा सोडली असती.

खाडीकाठच्या आमच्या गावात हेडमास्तर एकटे राहत. रोज संध्याकाळी सातवीतला एक मुलगा त्यांचं पाणी भरायला जाई. पाणी झालं की पाय चेपायचे. ही पाळी आली की घराला मान मिळाल्यासारखं वाटे. कुणी मुलाबरोबर नारळ धाडी, कुणी सुके बोंबील. मास्तर खूश असले तरच पोरगा सातवीच्या फायनलच्या परीक्षेला बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या बाकावरचा मुलगा पाळी करून आला आणि दुसऱ्या दिवशी गळ्यापर्यंत गुंड्या लावून बसला. खेळायला आला नाही. मी खोदून विचारलं तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाला, "पाय चेपताना दार लावतात. तू जाऊ नको."

मला सगळं कळलं नाही. पुढची पाळी माझी होती. माझे पाय एका जागी ठरेनात. जेवता जेवता उठायचो, धक्क्यावर जाऊन पलीकडे जाणारी तरीची होडी बघायचो, तिथूनही उठायचो. वडील मुंबईला कामाला. शेवटी आईला म्हटलं, "मी जानार न्हाय."

"का रं? पानी भरताना काटे टोचतात काय? मास्तरांनी बोलावलंय, नशीब हाय तुझं!" आणि तिने बोंबील कागदात बांधले.

शाळा सुटली तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली पुडी पाहिली.

"आज तुझी पाळी? जायचंय तुला?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी पुडीचा कागद चुरगळत राहिलो.

"बोलू नकोस. जायचं नसेल तर नुसती मान हलव."

मी हलवली.

"दे ती पुडी. आणि घरी जा."

घरी गेलो नाही. विहिरीजवळच्या माडाआड थांबलो. बाई स्वतःचा हंडा घेऊन आल्या, भरला, डोक्यावर घेतला आणि मास्तरांच्या घराची वाट धरली. विहिरीवरच्या बायका हसल्या.

"काय बाई, मास्तरांकडं नांदायला निघालात काय?"

"नाही गं. मास्तरांचं पाणी पोरांना जड झालंय. दार लावून घेतात म्हणे. म्हटलं, आजपासून मी भरते, दार उघडं ठेवून."

हसणं थांबलं. एकीच्या हातात दोर तसाच राहिला. तिचा मुलगा माझ्याच बाकावर बसायचा. दाराचं बाईंना कुणी सांगितलं होतं की त्यांनीच ताडलं, ते मला कधी कळलं नाही.

दिवेलागणीला बाई आमच्या घरी आल्या. सगळं ऐकून आई घाबरली. "फायनलला बसवलं न्हाय तर? याचा बा काय म्हनंल?"

"बसवते मी. शाळा तपासणाऱ्या दिपोटींकडे जाऊन सगळं सांगते."

आईने मला जवळ ओढलं.

दिपोटी आले, चौकशी झाली, आणि मास्तरांची बदली झाली, खाडीपलीकडच्या शाळेत. गावाला वाटलं, संपलं. बाईंना तसं वाटेना. सुई हातात धरून त्या खिडकीतून पलीकडे बघत बसत. "तिकडे पोरं नाहीत का?" एवढंच म्हणत. पहिल्याच रविवारी त्या तरीत बसून गेल्या. परतल्या तेव्हा मी धक्क्यावर होतो.

"काय केलंत, बाई?"

"तिथल्या विहिरीवर जाऊन बसले. पाण्याला येणाऱ्या बायकांना दाराचं सांगितलं."

मास्तरांना नोकरी सोडावी लागेपर्यंत त्या रविवारी जात राहिल्या.

मी मुरुडला फायनल दिली, पुढे बी.ए. झालो, शिक्षक झालो. पहिल्या नोकरीच्या गावाहून त्यांना लिहिलेलं हे पत्र:

"ती. बाईंस शिरसाष्टांग नमस्कार.

शाळा चांगली आहे, मुले गुणी आहेत. पण येथेही एका गुरुजींकडे मुले पाणी भरायला जातात. पूर्वीपासूनची पद्धत आहे, असे सगळे सांगतात. गुरुजी चांगले असतीलही. मला मात्र चैन पडत नाही. आज पाळी असलेल्या मुलाला बाजूला घेऊन तुमचाच प्रश्न विचारला, आणि जायचे नसेल तर नुसती मान हलव म्हटले. तो अंगठ्याने माती उकरू लागला. मग त्याने मान हलवली.

शेजारून हंडा मागून आणला आहे. डोक्यावर घ्यायला जमत नाही, खांद्यावर घेईन. हे पत्र पेटीत टाकून तसाच विहिरीवर जातो.

तुमचा विद्यार्थी"