इन्स्पेक्शनच्या दिवसाचे पेशंट

बारावीचा निकाल लागला तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की मला नर्स व्हायचं आहे. नर्स व्हायचे तीन रस्ते असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्याच्या बाजूचं आमचं गाव. धानाच्या बांध्या, मग जंगल. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकले तिथे फक्त आर्ट्स होतं. सायन्स घ्यायचं तर चंद्रपूरला राहावं लागलं असतं, आणि दहावीच्या वयात ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही. निकालानंतर कळलं की बी.एस्सी. नर्सिंगला सायन्सच लागतं. चार वर्षांचा तो रस्ता दोन वर्षांपूर्वीच, मला न विचारता, बंद झाला होता.

राहिले दोन. ए.एन.एम. म्हणजे दोन वर्षं शिकून आरोग्य उपकेंद्रात काम. जी.एन.एम. म्हणजे तीन वर्षं शिकून दवाखान्यात स्टाफ नर्स. हे सांगायला एक माणूस आमच्या घरी आला. तो एका खासगी नर्सिंग कॉलेजसाठी पोरी गोळा करत फिरायचा. ओसरीत बसून तो पाणी प्यायला आणि बाबांना म्हणाला, "भाऊ, खेड्यातल्या पोरीले ए.एन.एम. पुरे होते. दोन वर्षांत मोकळी, मंग लग्न लावून द्या."

मी दारात उभी होते. म्हटलं, "मले जी.एन.एम. करायचं आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांनाच म्हणाला, "तेही आहे आमच्याकडे. स्वतःचं हॉस्पिटल आहे, शंभर खाटांचं."

बाबा आणि मी ते पाहायला गेलो. तालुक्याच्या गावाबाहेर डांबरी रस्त्याला लागून नवी कोरी इमारत, काचेची दारं, पोर्चमध्ये अॅम्ब्युलन्स. बाबांनी चपला बाहेर काढल्या. आम्हाला ऑफिस दाखवलं, लॅब दाखवली, होस्टेल दाखवलं. वॉर्डाच्या दारातून आत बघू दिलं. ओळीनं खाटा होत्या, वर पांढऱ्या चादरी. त्या खाटांवर माणसं काऊन नाहीत, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. दुपारची वेळ आहे, सुट्टी झाली असेल, असं बाबा परतताना म्हणाले.

माणसं तिथे कधीच नव्हती.

पहिल्या महिन्यातच आमच्या लक्षात आलं. वरच्या मजल्यावरच्या गाद्यांचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. खाली एक डॉक्टर संध्याकाळी बसायचे, सर्दी-खोकल्याचे चार-दोन लोक यायचे, बस. आम्ही रबरी बाहुलीला इंजेक्शन द्यायचो, एकमेकींचं बीपी मोजायचो. प्रसूतीचा धडा आला तेव्हा ट्यूटर मॅडमनं फळ्यावर चित्र काढलं आणि पुढच्या धड्यावर गेल्या. नियमानं आम्ही स्वतःच्या हातानं बाळंतपणं करायला हवी होती. ती केल्याशिवाय शेवटची परीक्षा पास होऊन नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करता येत नाही, आणि नोंदणीशिवाय कुणी नर्स होत नाही. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहायचं असतं ते. सगळ्या लिहितात."

माझी खोलीतली मैत्रीण चंद्रपूरची. तिचे अब्बा जटपुऱ्याकडे शिलाईचं दुकान चालवायचे. रागावली की तिची मराठी सुटायची आणि ती सरळ हिंदीत यायची. त्या दिवशी ती म्हणाली, "कल कोई औरत सामने तडपेगी, तो क्या उसको लिखके दिखाऊँगी?"

दुसऱ्या वर्षी इन्स्पेक्शन आलं. ठरावीक काळानं तपासणीची माणसं येतात, पेशंट पाहतात, मग कॉलेजची मान्यता पुढे चालते. आदल्या दिवशी गाद्यांचं प्लास्टिक फाडलं. सकाळी आम्हाला कडक इस्त्रीचे गणवेश घालून उभं केलं. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "आज वॉर्ड फुल राहील. कुणी जास्त बोलायचं नाही."

थोड्या वेळात दोन शाळेच्या बस दारात लागल्या. त्यातून बाया उतरल्या, म्हातारे उतरले, कडेवरची लेकरं उतरली. त्यांना पटापट हॉस्पिटलचे हिरवे कपडे चढवले आणि खाटांवर झोपवलं. आमच्या ट्यूटर मॅडम प्रत्येकाच्या हातावर सलाईनची नळी ठेवून वरून पट्टी चिकटवत चालल्या होत्या. सुई नव्हतीच. नळी नुसती पट्टीखाली जाऊन थांबत होती.

मला बायांच्या वॉर्डात उभं केलं होतं. खिडकीजवळच्या खाटेवरून हाक आली, "अगं माय, तू इथीच शिकतेस व्हय?"

माझी काकू होती. बाबांच्या धाकट्या भावाची बायको. तिच्याच मांडीवर मी लहानाची मोठी झाले.

"काकू, तू कशी आलीस इथी?"

"गावात गाडी आली नं. मोफत शिबिर आहे, नागपूरचे मोठे डाक्टर येऊन राह्यले, असं सांगितलं. मी म्हटलं, चाल, दाखवून तं घेतो. किती महिन्यांपासून अंगावरून जाऊन राह्यलं, थांबतच नाई." मग तिनं पट्टी लावलेला हात वर करून मला दाखवला. "पण पोरी हुशार आहेत तुमच्या इथच्या. सुई टोचली तं समजलंबी नाई!"

मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. एवढं तरी मला शिकवलं होतं. पापणी आतून कागदासारखी पांढरी होती. नखंही तशीच. खाटेच्या पायाशी तिच्या नावाची फाईल लटकवली होती, त्यात टायफॉइड लिहिलेलं होतं.

तपासणीची माणसं आली. त्यातले एक सर काकूच्या खाटेशी थांबले. विचारलं, "काय त्रास होतो, बाई?"

काकू उठून बसली, पदर सारखा केला आणि मनापासून सांगू लागली. किती महिने झाले, कपडे कसे बदलावे लागतात, शेतात चक्कर कशी येते. सरांनी फाईलकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मला वाटलं, आता हे विचारतील. प्राचार्य मॅडम मध्येच हसून म्हणाल्या, "सर, यांची भाषा जरा वेगळी आहे. तापात बडबडतात." आणि सर पुढच्या खाटेकडे गेले. त्यांना कळलं होतं. त्यांच्या तोंडावर मला दिसलं होतं की त्यांना कळलं आहे.

जेवणं झाली. पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. पट्ट्या ओढून काढायला सुरुवात झाली. काकूनं मला विचारलं, "ते डाक्टर जेवून येतीन नं परत? तपासलं कुठी मले अजून?"

मी ऑफिसात गेले. प्राचार्य मॅडमना म्हटलं, "मॅडम, खिडकीजवळची बाई खरंच आजारी आहे. तिच्यात रक्त नाही. डॉक्टरांना दाखवू द्या."

"डॉक्टर गेले."

"मग दाखल करून ठेवू. इतक्या खाटा आहेत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वंगाळ बोलले. "तुझी कोण लागते ती? बसमध्ये बसव तिला. आणि उगाच तमाशा करू नको."

शंभर खाटा, आणि एका खऱ्या आजारी बाईला त्यातली एक नाही! आज हे लिहिताना माझे कान तापतात. तिला शिबिर सांगून आणलं होतं. कॉलेजला खाटेवर निजलेलं तिचं अंग हवं होतं, तिचं दुखणं नको होतं.

मी काकूचा हात धरला आणि गणवेशातच बाहेर पडले. मैत्रीण न विचारता सोबत आली. फाटकावर वॉचमन म्हणाला, मुलींना बाहेर जायला परवानगी नाही. ती त्याला म्हणाली, "भैया, रोको. फिर इनको तुमहीच उठाके अंदर लेके जाओ." त्यानं फाटक उघडलं. चंद्रपूरची बस मिळाली. काकू सगळ्या वाटेनं मला समजावत होती, "राहू दे नं बाई, तुही परीक्षा बिघडंन." सरकारी दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ती माझ्या खांद्यावर कलंडली होती.

तिथे गर्दी होती, जमिनीवर गाद्या होत्या, सिस्टर ओरडत होत्या. पण तिथे तिचं रक्त तपासलं. ड्यूटीवरच्या डॉक्टर बाईंनी आकडा पाहिला आणि आम्हालाच झापलं, "इतके दिवस काय करत होतात?" त्याच दिवशी रक्त चढवलं. या वेळी सुई खरी होती, आणि काकू कळवळली. गर्भाशयात गाठ निघाली. पुढे ऑपरेशन झालं. बरी झाली. पुढच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला ती सगळ्यांच्या आधी बांधीत उतरली.

आम्ही परतलो तर कॉलेजात आमचाच न्याय सुरू होता. प्राचार्य मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या दोघी वार्षिक परीक्षेला बसणार नाहीत."

खोल्याखोल्यांत कुजबुज झाली. मला वाटलं होतं पोरी घाबरतील. प्रत्येकीच्या घरानं काहीतरी मोडून तिला इथे पाठवलं होतं. पण बसमधून उतरलेल्या लोकांत कुणाचा आजोबा होता, कुणाची शेजारीण होती. सकाळी वर्गात कुणीच गेलं नाही. सगळ्या ऑफिससमोरच्या फरशीवर बसलो. मागण्या दोनच होत्या, या दोघींना परीक्षेला बसू द्या आणि आम्हाला सरकारी दवाखान्यात शिकायला पाठवा. मॅडम आधी ओरडल्या, मग पालकांना फोन लावायची धमकी दिली. एका मुलीनं शांतपणे म्हटलं, "लावा मॅडम. माझ्या आजोबाले पहिले लावा. परवा त्यायले तुम्हीच न्युमोनिया केला होता."

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसलो. तिथे मॅडमचा आवाज उतरला. मान्यतेचा कागद अजून हातात आलेला नव्हता, आणि बाहेर बोभाटा त्यांना परवडणार नव्हता.

परीक्षेला बसू दिलं. तिसऱ्या वर्षी शिकायलाही पाठवलं, पण शिक्षा म्हणून, लांब आलापल्लीच्या बाजूच्या एका ग्रामीण रुग्णालयात. सागाच्या जंगलातून बस किती तरी वेळ चालायची. मॅडमना वाटलं असेल, चार दिवसांत रडत येतील.

तिथल्या बाळंतपणाच्या खोलीतल्या सिस्टर सिरोंच्याकडच्या होत्या. मराठी बोलता बोलता तेलुगूत जायच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "भिंतीला काऊन चिकटली? पुढे ये. हात धू." खाटेवर एक माडिया आदिवासी बाई होती. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तिनं माझं मनगट असं आवळलं की दोन दिवस वळ राहिले. सिस्टरनं माझ्या हातांवर आपले हात ठेवले, मग हळूच काढून घेतले. बाळ माझ्या हातात आलं. गरम, निसरडं आणि चित्रापेक्षा किती तरी जड. ते रडलं आणि मीही रडले. आनंद होताच. पण तिसऱ्या वर्षापर्यंत हे माझ्यापासून लपवून ठेवलं होतं, आणि तरी मला नर्स म्हणून सोडणार होते, या संतापानं मी जास्त रडले.

शेवटच्या प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षक आल्या. आम्हाला आधीच बजावलं होतं की बाळंतपणं कॉलेजच्या हॉस्पिटलातच केली असं सांगायचं. परीक्षक बाईंनी मला विचारलं, "डिलिव्हरी कुठे केल्यास?"

म्हटलं, "आलापल्लीकडे, सरकारी दवाखान्यात. कॉलेजात एकही नाही."

प्राचार्य मॅडम खुर्चीत ताठ झाल्या. परीक्षक बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, निदान आता तरी कुणी चिडेल. त्या थकल्यासारख्या म्हणाल्या, "अगं, बऱ्याच ठिकाणी असंच आहे." मग त्यांनी विचारलं, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तर काय करशील? मी सांगितलं, करून दाखवलं. पास झाले. पण त्यांचं ते वाक्य मला नापास होण्यापेक्षा जास्त लागलं.

नोंदणी झाली. मग सरकारी भरतीच्या परीक्षेची तयारी. मैत्रिणीच्या घरी, शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही दोघी अभ्यास करायचो. प्रश्न इंग्रजीत असायचे. ती मला हिंदीत समजवायची, मी तिला आलापल्लीतल्या खाटांवरचे पेशंट आठवून सांगायची. पहिल्या वेळी तिचं झालं, माझं नाही. ती पेढे घेऊन आली आणि माझ्याच गळ्यात पडून रडली. दुसऱ्या वेळी माझं झालं. आज मी गडचिरोली जिल्ह्यात स्टाफ नर्स आहे.

ते कॉलेज सुरू आहे. मान्यता मिळत राहिली.

मागच्या हिवाळ्यात एका शाळेनं मला करिअर मार्गदर्शनाला बोलावलं. हार घातला, नारळ दिला. मी मुलींना वरचं सगळं सांगितलं. म्हटलं, दहावीतच ठरवा, बी.एस्सी. करायचं तर सायन्स घ्या. आता जी.एन.एम.लाही सीईटी आहे, तिचा अभ्यास करा. कॉलेज बघायला जाल तर न सांगता जा, साध्या दिवशी जा, आणि वॉर्डात शिरून पेशंटला विचारा, बाई, तुम्हाला काय झालं आहे?

मंचावरचे एक सर पुढे झुकून मला म्हणाले, "मॅडम, जरा पॉझिटिव्ह बोला. मुली घाबरतील."

मी माइक सोडला नाही. म्हटलं, "सर, मुली घाबरत नाहीत. त्यांना माहीत नसतं, आणि तुम्हाला माहीत असतं."

सभा पांगली. चहासाठी मला कुणी थांबवलं नाही. मी बस स्टॉपवर जाऊन उभी राहिले, तर मागून पाच-सहा मुली धावत आल्या. एकीनं धापा टाकत विचारलं, "मॅडम, आमच्या इथी सायन्सच नाई. मंग मी काय करू?"

बस आली. मी कंडक्टरला हातानंच जा म्हटलं आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागले.