पहिला नग

विठ्ठलवाडीतल्या आमच्या शिवणकामाच्या गाळ्यात नवी ऑर्डर सुरू झाली, की शिवून झालेला पहिला नग देवापुढे जातो. आई त्याला हळदकुंकू लावते, घडी घालून देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवते. ऑर्डर पोचेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. वडील गेल्यावर आईने हा गाळा एकटीने चालवलाय, त्यामुळे तिच्या या नियमावर बोलायची कुणाची टाप नव्हती. माझीही नाही, आणि मी तर बोलण्यात कुणाला ऐकत नाही.

माझ्या मुलीच्या शाळेच्या क्रीडादिनाचे टी-शर्ट शिवायचं काम आमच्याकडे आलं, ते मी मुख्याध्यापिकाबाईंच्या मागे लागून आणलं होतं. हे काम नीट झालं तर वर्षभराचे गणवेश आम्हाला मिळणार होते. नाही झालं तर गाळा सोडायचा, असं आईने मनाशी ठरवलेलं मला माहीत होतं.

क्रीडादिनाच्या आदल्या दुपारी माल पिशव्यांत भरून तयार होता. संध्याकाळी शाळेची गाडी यायची होती. पहिलीतली माझी मुलगी शाळा सुटताच थेट गाळ्यावर आली आणि हट्टच धरला, मला आत्ता घालायचाय. मी एक टी-शर्ट काढून तिच्या डोक्यातून घातला. तो कपाळापाशी अडकला. मी ओढला, तशी ती आतून किंचाळली, "मम्मी, कान! कान दुखतोय!"

मी दुसरा काढला, तिसरा काढला. सगळ्यांचे गळे तसेच. या खेपेला गळ्याच्या पट्टीचं कापड नवीन होतं, दिसायला नेहमीसारखं, पण ताणलंच जात नव्हतं.

मग माझी नजर फळीवर गेली. पहिला नग तिथेच होता, कुंकवासकट. मी तो खाली ओढला आणि गळ्यात दोन्ही हात घालून ताणला. तोही जागचा हलला नाही. आई ओरडली, "अगं, देवाचा आहे तो!"

"देव घालणारे का तो, आई? पहिला नग घालून बघायला असतो. आपण तो पुजून ठेवतो!"

शिवणाऱ्या बायकांची मशिनं थांबली. आईने फरशीवर सांडलेलं कुंकू बोटाने टिपून घेतलं. मला वाईट वाटलं, पण रागही तितकाच आला होता.

उपाय एकच होता. डाव्या खांद्याची शिवण गळ्यापासून चार बोटं उसवायची, आत पट्टी लावायची आणि टिच बटण बसवायचं. मी फर्मान सोडलं, "सगळ्या जणी आधी उसवा!" बायका तुटून पडल्या. उसवलेल्या कपड्यांचा ढीग लागला आणि बटणाचं मशीन मात्र रिकामंच उभं. ते हाताने दाबायचं मशीन आमच्याकडे एकच, आणि सगळ्यात सावकाश काम त्याचंच. ढीग संपल्यावर ते सुरू केलं असतं तर गाडी रिकामीच परत गेली असती.

"थांबा! उसवायला दोघीच. बाकीच्या पट्टीला बसा. चार झाले की चार पुढे द्या. हे मशीन थांबता कामा नये!"

त्या मशीनवर आई जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. दांडा दाबताना तिचा खांदा दुखतो हे मला ठाऊक होतं, पण तिला उठवायची हिंमत झाली नाही. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा शेवटची पिशवी बांधायची राहिली होती. ती मी धावत नेऊन दिली आणि पायरीवरच बसले.

गणवेशाचं काम आम्हाला मिळालं. त्यातला पहिला शर्ट शिवून झाला तेव्हा सगळ्या आईकडे बघत राहिल्या. तिने कुंकवाच्या कोयरीकडे हात नेला, मागे घेतला आणि शर्ट माझ्या मुलीपुढे धरला. "ये गं, घालून बघ."

मुलीने दोन्ही हातांनी कान झाकले आणि मागे सरकली. "आजी, आधी तू."

मी हसू दाबलं. आई हसली नाही. तिने शर्टाची सगळी बटणं सोडली आणि तो एवढासा शर्ट, देवासमोर उभं राहून, स्वतःच्या दंडात चढवायला लागली.