मेघनाचं बाळ

शेजारणीच्या तान्ह्याला उचलून घेतलं, जावळाचा दुधट वास आला आणि मला जपानमधल्या कोबे शहरातलं ते इस्पितळ आठवलं.

मी तिथे दुभाषी होते. मेघना तिथली मराठी पेशंट. तिला पाठदुखीच्या गोळ्यांचं व्यसन लागलं होतं. ते सोडवायला गरोदरपणातच ती उपचार घेत होती. बाळ जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी थरथरू लागलं, किंचाळू लागलं. पोटात असतानाच त्याच्या अंगालाही त्या औषधाची सवय झाली होती, आणि आता ते मिळत नव्हतं.

“माझ्यामुळेच ना, ताई?” मेघनाने मला विचारलं. मी ते नर्सला सांगितलं.

नर्स जपानीत म्हणाली, “त्याला छातीशी धरा. म्हणजे ते शांत होईल.” मी ते मराठीत सांगितलं.

मेघनाने त्याला उघड्या छातीशी घेतलं. दुपारभर ती हलली नाही. हळूहळू बाळाची थरथर ओसरली.

ड्युटी संपवून जाताना नर्स मेघनापुढे कमरेत वाकली. तेव्हा मला ती नुसती जपानी रीत वाटली. स्वतः आई झाल्यावर कळलं, ती कशापुढे वाकली होती.