काचबाईची सही

काचबाईच्या नाकावर राग असतो, असं गल्लीतले लोक म्हणतात. साफ खोटं. त्या बाईला राग यायला फार उशीर झाला, ही खरी गोष्ट. वेळेवर आला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

तिचं काचेचं दुकान. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोंच्या फ्रेमा. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता ही कुलूप लावणार, कारण काच कापणं म्हणे बाईमाणसाचं काम नाही. हिने थोड्याच दिवसांत शटर वर केलं, टेबलावर जुनी चादर अंथरली, काचेवर पट्टी धरली आणि काच कापायची हिरकणी ओढली. हिरकणी एकदाच ओढायची असते, दुसऱ्यांदा ओढली की काच भलतीकडेच फुटते, एवढं नवऱ्याने शिकवलं होतं. बाकीचं ती चुकतमाकत शिकली. त्या चुकांच्या खुणा तिच्या बोटांवर आहेत. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की ती हात पुढे करते आणि विचारते, यातलं किती कमी करू?

दुकानाची खोली भाड्याची होती. मालक म्हातारा, सरळ माणूस. त्याला खोली विकून लेकीकडे राहायला जायचं होतं. शेजारचा औषधवाला मधली भिंत पाडायला टपलेलाच होता, पण मालक आधी काचबाईकडे आला. म्हणाला, इतक्या वर्षांत तुम्ही भाडं एकदाही चुकवलं नाही, तेव्हा पहिला हक्क तुमचा. दोन महिने थांबतो. जमलं तर तुमची खोली, नाही तर मग औषधवाला आहेच.

निम्मी रक्कम तिच्या गाठीशी होती. उरलेली बँक देईल, का नाही देणार? तिने आयुष्यात कुणाचा छदाम बुडवला नव्हता. ती इस्त्रीची साडी नेसून बँकेत गेली आणि कर्ज देणाऱ्या मॅडमसमोर ताठ बसली. मॅडमनी संगणकात बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, की तुमची पत खराब दिसतेय, कर्ज मंजूर होणार नाही.

काचबाई हसलीच. दुसऱ्या कुणाचं नाव निघालं असेल म्हणाली. पण नाव तिचंच होतं. ती एका गाडीच्या कर्जाला जामीन होती आणि ते कर्ज पूर्ण फिटलेलं नव्हतं.

ती गाडी तिच्या धाकट्या भावाची. आई त्याला राजा म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायचे, आणि राजासारखाच तो वागायचा. मालवाहू गाडी घेऊन धंदा करायचं त्याच्या डोक्यात आलं तेव्हा बँकेने जामीनदार मागितला. आई त्याला घेऊन दुकानात आली. काचबाईच्या हाताला पुट्टी लागलेली. हात पुसेपर्यंत तरी थांबायचं ना? पण आईने कागद टेबलावर पसरला आणि म्हणाली, नुसती सही तर करायचीय, पैसे कुठे मागतोय तो. काचबाईने उभ्याउभ्या सही केली. काही विचारलं नाही. भावाला कसलं विचारायचं?

दोन वर्षांत राजाचा धंदा बसला आणि हप्ते थकले. वसुलीवाले येऊ लागले तेव्हा राजाने तडजोड केली. म्हणजे देणं होतं त्याच्या निम्मंच भरलं, बाकीच्यावर बँकेने पाणी सोडलं आणि प्रकरण मिटलं. त्या रविवारी आईकडे सगळे जेवायला जमले होते. राजाने बँकेच्या साहेबाची नक्कल केली, आपण कसे हात जोडले, कसे डोळ्यांत पाणी आणलं, ते करून दाखवलं. सगळं घर पोट धरून हसलं. आई म्हणाली, माझा राजा बँकेलासुद्धा पुरून उरला. काचबाईनेही त्याला टाळी दिली. निम्मे पैसे वाचले याचा त्या घराला असा काही आनंद झाला होता, की जणू कुणाला बक्षीस लागलंय. न भरलेलं निम्मं कुठे गेलं, हे त्या ताटांवर बसलेल्या एकालाही सुचलं नाही.

ते गेलं काचबाईच्या नावावर. मॅडमनी नीट समजावून सांगितलं. तडजोड म्हणजे फेड नव्हे. बँक तगादा थांबवते, पण या माणसाने आणि याच्या जामीनदाराने पूर्ण पैसे दिले नाहीत, अशी नोंद राहते आणि ती सगळ्या बँकांना दिसते. उरलेले पैसे भरा, पूर्ण फेडीचं पत्र घ्या, मग बघू.

काचबाई तिथून निघाली ती थेट राजाच्या घरी. बसमध्येच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण घराच्या पायऱ्या चढताना तिने स्वतःला बजावलं, भाऊ आहे, शांतपणे बोलायचं.

राजाचं घर नवंकोरं होतं. आता त्याचं बरं चाललं होतं, सगळं बायकोच्या नावावर. घर बायकोचं, नवी मोटार बायकोची, बँकेचं खातं बायकोचं. स्वतःच्या नावाला कोणी दारात उभं करत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यावर त्याने इलाजही शोधला होता. बहिणीचं नावही त्याच गाळात आहे हे ठाऊक होतं का? होतं. तिने विचारल्यावर तो म्हणाला, हो, मला कळलं होतं मागे, पण तुला कुठे कर्ज काढायचंय, म्हणून बोललो नाही.

ती म्हणाली, उरलेले भर. तो म्हणाला, जे बँकेने स्वतःहून सोडलं ते भरायला मी काय वेडा आहे? पैसे नाहीत म्हणाला असता तर तिने ऐकून घेतलं असतं. पण पैसे होते. त्याच खोलीत नवा पंखा फिरत होता, नवा सोफा होता, आणि भाऊ त्यावर मांडी घालून बहिणीला व्यवहार शिकवत होता. चोर तो चोर, वर शिरजोर.

मग आई पडली मध्ये. फोनवर म्हणाली, आपलेच दात नि आपलेच ओठ, घरातली गोष्ट घरात राहू दे. तुझं एकटीचं पोट असं कितीसं, भाड्याच्या दुसऱ्या खोलीत भागेल. काचबाई म्हणाली, आई, ती खोली नाही, ते माझं दुकान आहे. आई म्हणाली, तेच ते.

तेच ते! वीस वर्षं एका जागी उभं राहून ज्या बाईने आपल्या संसाराचं आणि या माहेराच्या अडीनडीचं ओझं ओढलं, तिच्या जागेला तेच ते. मालकाने दिलेल्या दोन महिन्यांतला एक असाच बोलण्यात गेला. राजा तिचा फोन घेईनासा झाला.

आता राजाच्या त्या नव्या घराला एक गंमत होती. त्याच्या सगळ्या खिडक्या, हॉलमधला माणसाएवढा आरसा आणि न्हाणीघराची काच, हे सगळं काचबाईच्या दुकानातून गेलं होतं. उधारीवर. बहिणीचं दुकान म्हणजे आपलंच की, असं म्हणून राजाने नेलं होतं आणि देतो देतो म्हणत वर्ष काढलं होतं. तिने कधी मागितलं नव्हतं. भावाला कसलं मागायचं?

एके दिवशी सकाळी राजाच्या दारात टेम्पो थांबला. काचबाई उतरली, हातात जाड मोजे चढवले आणि आत गेली. राजा चहा पीत होता. तिने सरकत्या खिडकीचं झडप दोन्ही हातांनी वर उचललं, खालची कड बाहेर ओढली आणि रुळातून काढून भिंतीला टेकवलं. मग दुसरं. राजाला आधी वाटलं, ही काहीतरी दुरुस्त करतेय. चौथ्या झडपाला त्याने कप ठेवला. ओरडला, धमक्या दिल्या, पोलिसांना बोलावतो म्हणाला.

"बोलाव," काचबाई म्हणाली. "ते पावती मागतील. तुझ्याकडे पावती आहे का? जिची पावती नाही ती काच माझी."

शेजारीपाजारी खाली जमले होते. राजाची बायको दारात उभी होती. ती मधे पडली नाही आणि नवऱ्याला साथही दिली नाही, नुसती मोठा आरसा नेताना वाटेतली खुर्ची सरकवली. टेम्पो भरून निघाला तेव्हा त्या घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि वाऱ्याने पडदे बाहेर फडफडत होते. येणारेजाणारे मान वर करून बघत होते.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. राजाने चार दिवस चादरी बांधून काढले. मग सोसाट्याचा वारा सुटला, नव्या सोफ्यावर धुळीचा थर बसला आणि बायको माहेरी जाते म्हणाली. पाचव्या दिवशी त्याने बँकेत जाऊन उरलेले पैसे भरले आणि पूर्ण फेडीचं पत्र बहिणीच्या टेबलावर आपटलं. काचबाईने ते दोनदा वाचलं. मग तिने काचेचं बिल केलं, तेही त्याच्याकडून वाजवून घेतलं आणि संध्याकाळच्या आत त्याच्या खिडक्या बसवून दिल्या. हिशेब तो हिशेब. झडपं नीट सरकतात ना, हेही बघितलं, कारण वाकडं काम तिच्या हातून होत नाही.

आई तिच्याशी बोलेना. गल्लीभर चर्चा झाली, सख्ख्या भावाचं घर उघड्यावर टाकलं म्हणून. तिचं नाव उघड्यावर पडलं होतं तेव्हा एकाचीही जीभ हलली नव्हती. असो. ती पत्र घेऊन बँकेत गेली.

मॅडमना मनापासून आनंद झाला. पण त्या म्हणाल्या, नोंद बदलायला वेळ लागतो आणि बिघडलेली पत सुधारायला त्याहून जास्त. छोटं कर्ज घ्यायचं, हप्ते वेळेवर भरायचे, असं वर्ष दोन वर्षं केलं की मग नाव उजळतं. काचबाई म्हणाली, माझ्याकडे दोन आठवडे आहेत. मॅडमनी विचार केला आणि म्हणाल्या, एक वाट आहे. ठरावीक उत्पन्न असलेला आणि स्वच्छ नावाचा कोणी जामीन राहत असेल तर मी वर शब्द टाकते.

ठरावीक उत्पन्न आणि स्वच्छ नाव. आईला वडिलांच्या मागे पेन्शन मिळत होती.

काचबाईला जायचं नव्हतं. दोन दिवस तिने मनाशी भांडण केलं. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन ती आईकडे गेली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि एकूण एक गोष्ट आईला सांगितली. कर्ज किती, हप्ता किती, आणि तिने हप्ता चुकवला तर तो कुणाकडे मागितला जाईल तेही. काही लपवलं नाही. राजाच्या कर्जाच्या वेळी हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, हेही बोलून दाखवलं.

आईने ऐकून घेतलं. कागद हातात घेतला, उलटसुलट केला. आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या पेन्शनला हात लागू शकतो?"

"मी चुकवलं तर."

"मग मी राजाला विचारून सांगते."

काचबाईला ओरडायचं होतं, भांडी फेकायची होती. या बाईने आपल्याला पुट्टीच्या हातांनी सही करायला लावली होती, तेव्हा कुणाला विचारलं होतं? घशापर्यंत आलेलं तिने गिळलं, कारण खोली अजून हातची गेली नव्हती आणि सही अजून हवी होती. हा अपमान तिला भावाच्या सगळ्या उद्दामपणापेक्षा जास्त लागला. ती म्हणाली, विचार, पण लवकर.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आईचा फोन आला. आवाज मऊ होता, तिला वाईट वाटत असावं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आई म्हणाली, "राजा म्हणतो, अशा कागदांवर सही करू नये. दुसऱ्याच्या कर्जापायी माणूस आयुष्यातून उठतो म्हणे."

"खरं सांगतो तो," काचबाई म्हणाली. "त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

तिने फोन ठेवला आणि मालकाला कळवायला गेली. म्हातारा हळहळला, पण त्याचाही इलाज नव्हता. महिनाअखेरीस औषधवाल्याने मधली भिंत पाडली.

काचबाईचं दुकान आता मागच्या गल्लीत आहे, पहिल्याच्या निम्मं. मोठी काच आडवी मावत नाही, तिरपी करून आत घ्यावी लागते. तिने कडा घासायच्या यंत्रासाठी छोटं कर्ज घेतलंय. यंत्राचे पैसे तिच्याकडे होते, तरी घेतलं, आणि हप्ता तारखेच्या आधी भरते. मॅडम म्हणतात, पत सुधारतेय. आई अधूनमधून विचारते, घरी कधी येतेस. काचबाई सांगते, हातात काम आहे.