सात घरचं जेवण

लोणावळ्यात स्टेशनामागच्या आळीत मुक्ताबाईंची खानावळ होती, आणि तिथं जेवणारा प्रत्येक माणूस एकदा तरी बोलणी खाऊन उठलेला होता. ताटात कुणी भात टाकून उठलं की त्या सगळ्यांदेखत विचारायच्या, "शेतात राबून बगितलंय का कदी?" मूळच्या त्या जवळच्याच इंदुरी गावच्या. नवरा अकाली गेल्यावर पोराला कडेवर घेऊन इथं आल्या आणि चूल मांडली. पोरगा हौशीराम. हुशार इतका की कुणाला न भिणाऱ्या मुक्ताबाई त्याच्या पुस्तकांना तेवढ्या बिचकून असत.

पुण्यात तो शिकला तो वार लावून. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, अशी आठवड्याला सात घरं. गरिबांची मुलं तेव्हा अशीच शिकत. वार कसा सांभाळायचा हे मुक्ताबाईंनी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. वेळेवर जायचं, वाढतील ते खायचं, आणि एखाद्या घरानं वार बंद केला तर चूक आपली समजायची. त्या उंबऱ्याशी जाऊन वाकायचं आणि काय चुकलं ते विचारायचं. न विचारता तोंड फिरवणारा खाल्ल्या अन्नाला जागत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

१९३८ साली हौशीरामच्या डोक्यात जर्मन भाषा शिरली. रसायनशास्त्राची मोठी पुस्तकं सगळी त्या भाषेत; वर्षभर जर्मनीत राहून ती शिकून आलं तर कारखान्यात चांगली जागा मिळणार होती. एका प्राध्यापकांच्या ओळखीनं तिकडच्या विद्यापीठानं फी माफ केली. बोटीच्या भाड्यासाठी मुक्ताबाईंनी हातातल्या पाटल्या मोडल्या. राहायला तिथल्या एका घरात माळ्यावरची खोली मिळाली. बदल्यात घरातल्या सगळ्या शेगड्या पहाटे पेटवायच्या. पोटाचं काय, याचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं.

ते उत्तर पहिल्याच पत्रात आलं. मुक्ताबाईंना वाचता येत नसे. पत्र वाचायला शेजारचे फकरुद्दीन येत. रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झालेला, मऊ मनाचा माणूस. "आई, मी इथंही वार लावले," हे वाक्य वाचून त्यांना हसू आवरेना. हौशीरामनं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ही चाल तिथल्या एका बाईंना समजावली होती, आणि पंधरा दिवसांत सात घरं तयार झाली होती. सोमवारी एक डॉक्टर. त्यांच्या दोन लहान मुली त्याच्या चुका काढून खिदळत. बुधवारी एक शाळामास्तर, गुरुवारी एक विधवा बाई. पोटही भरत होतं आणि भाषाही फुकट पदरात पडत होती. मुक्ताबाईंनी ही गोष्ट चार दिवस गिऱ्हाइकांना ऐकवली. त्या चार दिवसांत कुणी बोलणी खाल्ली नाहीत.

डिसेंबरात दुसरं पत्र आलं. फकरुद्दीन वाचता वाचता अडखळले.

"काय झालं, भाऊ?"

"काय न्हाई. सोमवारचं घर बंद झालंय म्हणतो."

पत्रात आणखीही होतं. एका रात्री गावातल्या यहुदी लोकांची दुकानं फोडली, काचांचा खच रस्त्यावर पडला होता, डॉक्टरही यहुदीच, त्यांच्या दाराला फळ्या ठोकल्या आहेत आणि मुलींचं काय झालं ते कुणी सांगत नाही. हे सगळं फकरुद्दीननी गिळलं. बाई एकटी, लेक सातासमुद्रापार, उगाच जिवाला घोर कशाला, असा त्यांचा विचार. चांगल्या माणसाला खोटं बोलायला फार कष्ट पडत नाहीत. एक ओळ सोडून पुढची वाचली की झालं.

मग दर पत्रात एखादा वार गळू लागला. मास्तरांची नोकरी गेली. गुरुवारच्या बाईंनी आधी मागल्या दारानं यायला सांगितलं, मग येऊच नको म्हणाल्या. काळा माणूस घरात का येतो, असं शेजारी विचारत होते. फकरुद्दीन एवढंच वाचत, "गुरुवारही बंद झाला." पत्रंही आखूड होत चालली होती. एकात हौशीरामनं लिहिलं होतं की पत्रं फोडली जातात, म्हणून फार लिहीत नाही. तेही मुक्ताबाईंच्या कानावर गेलं नाही.

मे महिन्यात दोनच घरं उरली. मुक्ताबाईंचा जीव तिळतिळ तुटत होता, पण त्यांच्या लेखी याचा अर्थ एकच होता.

"पाच घरांनी दार लावलं म्हंजी पोरानंच कायतरी केलंय. लय शेफारलंय ते. लिवा, भाऊ. म्हणावं, सोमवारच्या घरापास्नं सुरू कर. जा, वाक, काय चुकलं ते इचार. इचारल्याबिगर परत आलास तर हितं उंबरा चढू नगंस."

फकरुद्दीनचा टाक थांबला.

"वैनी, हे नको लिवायला."

"का?"

आता सांगायचं तर सहा महिन्यांचं सगळंच सांगावं लागणार होतं. त्यांना धीर झाला नाही. "कडक वाटतंय जरा," ते पुटपुटले.

"आईनं कडक न्हाई बोलायचं तर कुणी बोलायचं?"

आणि फकरुद्दीननी शब्दन् शब्द लिहिला.

उत्तर ऑगस्टच्या मध्यावर आलं. "आई, तुझं पत्र मिळालं. तू रागावलीस ते बरोबर आहे. मी घाबरून गप्प बसलो होतो, त्याची मला लाज वाटते. डॉक्टरांच्या घरचं अन्न मी खाल्लं आहे. त्यांना कुठं नेलं ते ज्या कचेरीत ठाऊक आहे, तिथं उद्या जाऊन विचारतो. परतीचं तिकीट काढलं आहे. गणपतीला घरी येतो."

हे पत्र फकरुद्दीननी पूर्ण वाचलं. एकही ओळ सोडायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

"नेलं म्हंजी? कुणी नेलं?" मुक्ताबाईंनी विचारलं. त्यांनी पत्राची घडी घालून ते परत पाकिटात सारलं.

सप्टेंबर लागताच लढाई पेटली. बोट मुंबईला आली. फकरुद्दीन स्वतः जाऊन चौकशी करून आले. यादीत हौशीरामचं नाव होतं, पण तो बोटीवर चढलाच नव्हता. गणपती आले आणि गेले. टपाल तर बंदच झालं.

एके दिवशी दुपारची पंगत उठल्यावर मुक्ताबाईंनी सगळी पत्रं फकरुद्दीनपुढं आणून ठेवली.

"भाऊ, नुसतं इचारलं म्हणून माणसाला धरत्यात का?"

"व्हय, वैनी. तितं धरत्यात."

"आन् हे तुमाला ठावं हुतं?"

फकरुद्दीननी मान खाली घातली. मग पहिलं पत्र उघडलं आणि सगळी पत्रं ओळीनं वाचली, काचा, फळ्या, मुली, मागलं दार, काही न सोडता. मुक्ताबाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. शेवटचं पत्र संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "हे मला तवा ठावं असतं, तर मी त्याला जा म्हणलं असतं का?"

फकरुद्दीन तिथंच बसून राहिले. संध्याकाळची गिऱ्हाइकं दारात येऊन परत गेली.